दोन सूत जागा

सातपूर, नाशिक
९ जानेवारी २०२५

नजीर, सलाम.

गाडीच्या पोटाखाली पाठीवर पडून ज्यांनी आयुष्य काढलं आणि ज्यांचं काम कधी फोटोत आलं नाही, अशा आपल्या सगळ्यांच्या वतीने तुला लिहितोय. आपलं दुखणं एकच आहे. मालक येतो, रंगावरून हात फिरवतो, शिटांचा वास घेतो, लाकडाला बोट लावून बघतो. खाली वाकून गिअरबॉक्स कोणी बघत नाही. गाडी चालली तर गाडी चांगली आणि अडली तर मिस्त्री चोर. कारखान्याच्या गेटवर मी बावीस वर्षं हेच ओरडून सांगत होतो. तू सायकल स्टँडच्या कठड्यावर बसून ऐकायचास आणि सभा संपली की म्हणायचास, "धनाभाऊ, आवाज पार त्र्यंबकला गेला, पण मॅनेजर आतमध्ये वडापाव खात होता."

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने. पत्ता तुझ्या भावाच्या गॅरेजवरून मिळाला. उमर म्हणाला की तू मालेगावातच आहेस आणि ट्रकचे गिअरबॉक्स उतरवतोयस. नाशिकमध्ये जुन्या गाड्यांचे बॉक्स ज्याच्या हाताने जिवंत व्हायचे, तो माणूस धाकट्या भावाच्या शेडमध्ये ट्रक खोलतो, हे मला पटत नाही. तू परत ये. आपल्या शेडची किल्ली माझ्याकडे आहे. गाडीखाली उतरायचा तुझा खाचा कोणी भरलेला नाही. त्यात उतरून मी कधी काम केलं नाही आणि करणारही नाही.

घाटनदेवीला त्या रविवारी जे झालं ते झालं. मी बोललो ते मला दिसलं त्यावरून बोललो. माझा स्वभाव तुला माहीत आहे. समोर पंचवीस माणसं उभी राहिली की माझा आवाज माझ्या हातात राहत नाही. एखादा शब्द जास्तीचा गेला असेल. तेवढ्यासाठी तीस वर्षांची सोबत मोडायची का? आपण दोघांनी मिळून अकरा गाड्या उभ्या केल्या, बारावीला एवढं काय झालं?

ती बारावी, आशाताईंची निळी गाडी, अजून तशीच आहे. तू गेल्यावर त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली. त्याने शिटांमधला माझा लाकडी कन्सोल काढला, बॉक्स उतरवला, खोलला, फोर्क बघितले, रिंगा बघितल्या आणि म्हणाला, "यात काही वाईट नाही." परत जोडला. मी वरून कन्सोल परत बसवला. घाटात तिसरा गिअर पुन्हा सुटला. ताई आता म्हणतात, हा बॉक्सच भंगारात टाकू आणि दुसरा शोधू. तो बॉक्स तू कुर्ल्याच्या भंगारातून कसा शोधून आणलास, ते मी बघितलं आहे. म्हणून लिहिलं.

ये. झालं गेलं विसरू.

तुझा,
धनराज


१७ जानेवारी २०२५

नजीर,

तुझं कार्ड मिळालं. तीस वर्षांत तू मला लिहिलेली ही पहिली ओळ असेल. घरात मोठ्याने वाचून दाखवली: "धनाभाऊ, भाषण चांगलं आहे. फर्म्यावर २ लिहिलं होतं, ते किती कापलंस? नजीर."

तुझी वहिनी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं. नजीरभावजींना पत्र पाठवा म्हटलं, तुम्ही भाषण पाठवलंत." मी दुर्लक्ष केलं.

ठीक आहे. प्रश्न विचारलास, उत्तर देतो.

गाडी मुळात ऑटोमॅटिक होती. तिचा कन्सोल, म्हणजे दोन शिटांच्या मधली ती पेटी, लिव्हर सरळ रेषेत मागेपुढे सरकेल अशा लांब फटीची होती. ऑटोमॅटिक बॉक्सचे भाग मिळेनात म्हणून तू तो काढून साधा बॉक्स बसवलास, क्लचचा पेडल लावलास आणि मधला पत्रा कापून लिव्हर वर काढलास. नवा लिव्हर जुन्यापेक्षा चार बोटं मागे आला. जुनी पेटी निरुपयोगी झाली. आशाताईंनी सांगितलं की त्यांचे वडील बसायचे तसंच आतून दिसायला हवं, जोड कळता कामा नये. ती जबाबदारी माझी होती.

मी कसं केलं तेही ऐक, कारण त्या वेळी तू खाली होतास आणि मी वर. आधी पुठ्ठ्याचा फर्मा काढला. गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या उंचवट्यावर तो सात वेळा बसवला आणि सात वेळा कातरला. प्लायचा सांगाडा केला, त्यावर शिसवीचा पापुद्रा चढवला. लिव्हरच्या भोकाची कड आतून गोल घासली, शेवटचा हात काचेच्या तुकड्याने मारला. हँडब्रेकची बाजू, पुढे घड्याळाची जागा, सगळं एका रेषेत. पाचही गिअर उभ्या गाडीत टाकून बघितले. एकही अडला नाही. हे तुझ्यासमोर झालं.

आता तो २. फर्म्यावर लिव्हरच्या भोकाभोवती तू खडूने गोल काढलास आणि बाजूला २ लिहिलंस. एकक लिहिलं नाहीस. मी दोन मिलिमीटर जागा सोडली. या देशात मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षांच्या वर झाली आहेत. शाळेत, कारखान्यात, सरकारी कागदावर मिलिमीटर चालतो. सूत हे सुताराचं माप आहे, इंचाचे आठ तुकडे करून त्यातला एक. मी सुतार नाही, पॅटर्न मेकर आहे. बिडाच्या ओतकामाचे साचे मी कागद सरकेल एवढ्या फटीवर जुळवलेत. माझ्यासमोर नुसता २ ठेवलास तर मी दोन मिलिमीटरच वाचणार. तुला दोन सूत म्हणायचं होतं तर 'सूत' हा शब्द लिहायला किती खडू लागला असता?

आणि समजा तू दोन सूत लिहिलं असतंस, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर, तर भोकाभोवती बोट जाईल एवढी फट दिसली असती. ताईंनी ती एका दिवसात परत पाठवली असती.

माझं म्हणणं हे असं आहे. तुझं काय ते लिही.

धनराज


१८ जानेवारी २०२५

नजीर,

कालचं पत्र सकाळी पेटीत टाकून आलो आणि शेडवर गेलो. फर्मा अजून खिळ्याला टांगलेला आहे. खडू थोडा पुसलाय, पण २ वाचता येतो. त्याच्या बाजूला, त्याच भिंतीवर, तुझ्या हातचे बाकीचे आकडे आहेत. निळ्या जीपच्या वेळचा ३, पांढऱ्या गाडीच्या वेळचे दीड आणि ४. एकाही आकड्यापुढे एकक नाही. ते सगळे सूत आहेत आणि मी ते सगळे सूत म्हणूनच कापलेत. तीस वर्षांत तू मिलिमीटरमध्ये एक माप बोललेला मला आठवत नाही.

कालचं पत्र खोटं आहे. तुला ते आधी मिळेल, हे नंतर. दोन्ही ठेव.

धनराज


२६ जानेवारी २०२५

नजीर,

आज सकाळी झेंडावंदनाला कॉलनीत मला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. मी गेलो नाही. बावीस वर्षांत माइक नाकारायची ही पहिली वेळ. तुझी वहिनी कपाळाला हात लावून ताप बघत होती.

सगळं एकदा क्रमाने लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा भाषण सुरू होईल.

मी फर्मा कापायला घेतला तेव्हा तू खाच्यातून डोकं वर काढून म्हणालास, "भाऊ, दोन सूत ठेव चारी बाजूंनी. बॉक्स रबरावर बसलाय. चढावर इंजिन ओढायला लागलं की तो हलतो, त्याच्याबरोबर लिव्हर हलणार." मी म्हणालो, "पाचही गिअर पडतायत की." त्यावर तू हसून म्हणालास, "उभी गाडी सगळ्यांचंच ऐकते." हे बोलणं झालं होतं. २ हा आकडा तू त्यानंतर लिहिलास. सतरा तारखेला मी जो मिलिमीटरचा इतिहास तुला सांगितला, त्यात हे बोलणं गाळलं होतं.

मी दोन सूत ऐकलं होतं. भोकाभोवती फट दिसेल म्हणून मला ते नको होतं. आकड्यापुढे एकक नव्हतं, तेवढी पळवाट मला पुरली. साच्यात बीड ओतल्यावर ते थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मेकर लाकूड आधीच थोडं मोठं ठेवतो. त्यासाठी आमची पट्टीसुद्धा वेगळी असते. आयुष्यभर मी लोखंडाच्या हालचालीला जागा सोडली. चालत्या गाडीच्या हालचालीला सोडली नाही, कारण ती माझ्या शिसवीच्या कडेला शोभत नव्हती.

मग तो रविवार, चोवीस नोव्हेंबर. जुन्या गाड्यांच्या मंडळाची फेरी. सकाळी कसाऱ्यापर्यंत उतरताना आपण तीनदा थांबलो आणि तिन्ही वेळा लोकांनी दार उघडून कन्सोलचे फोटो काढले. एकाने मला विचारलं, "हे कंपनीतूनच आलंय का?" त्या वाक्यावर मी पुढचे दोन तास जगलो. तू मागच्या जीपमध्ये होतास. तुला कोणी काही विचारलं नाही.

परत चढताना तिसरा सुटला. आशाताईंनी ब्रेक दाबला तरी गाडी हातभर मागे आली आणि मागचा कंटेनर आमच्या डिकीपासून दोन पावलांवर थांबला. ताईंचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले होते, बोटं सोडवायला मला मदत करावी लागली. तू उतरून गाडीखाली शिरलास. ताईंना दुसऱ्या गाडीत बसवलं, तुझ्या जीपला दोर बांधला आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंगवर मी बसलो.

तिथे मी लिव्हरची चामड्याची टोपी वर उचलली.

लिव्हरच्या पुढच्या अंगाला नखाएवढी चकाकी होती, घासून पांढरं पडलेलं लोखंड. समोर शिसवीच्या कडेला तेवढाच दाब पडून खड्डा झालेला. तिसरा पुढे पडतो. चढावर बॉक्स सरकला, लिव्हर पुढे आला, माझ्या लाकडाला टेकला आणि लाकडाने त्याला गिअरमधून मागे लोटलं. समजायला एक क्षण पुरला. मी टोपी खाली केली आणि तिची घडी बोटाने नीट बसवली.

म्हणजे घाटनदेवीच्या मोकळ्या जागेत मी जे बोललो, ते हे बघितल्यानंतर बोललो. पहिल्या पत्रात मी लिहिलं की दिसलं त्यावरून बोललो. नाही. दिसलं ते झाकण्यासाठी बोललो. लोक जमले, कोणीतरी म्हणालं, "काय झालं हो, इतका सुंदर कन्सोल केलात आणि गाडी अशी?" माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं आणि मग दहा मिनिटं थांबलं नाही. जे काम झाकलेलं असतं तिथे चोरी होते, असं मी म्हणालो. भंगारातला माल नवा म्हणून लावतात, असं म्हणालो. 'चोरी' हा शब्द मी दोनदा वापरला. लोक माना डोलवत होते. तू हात पुसत उभा होतास. माझं संपल्यावर तू एवढंच म्हणालास, "बोलून झालं असेल तर गाडी ओढू. ऊन वाढतंय."

तू वाद घातला असतास तर मी जिंकलो असतो. तू नंतर आठ दिवसांनी पाने-स्क्रूड्रायव्हर आवरलेस आणि गेलास.

अजून एक राहिलं. परवा, शुक्रवारी दुपारी, मी कन्सोल काढून ठेवला आणि आशाताईंना घेऊन पुन्हा घाटात गेलो. नुसता लिव्हर, खाली उघडा पत्रा. दोनदा उतरलो, दोनदा चढलो. तिसरा एकदाही सुटला नाही. तुझा बॉक्स कसा चालतो ते मी पहिल्यांदा नीट ऐकलं. त्याचा आवाजच नाही. ताई खूश होऊन म्हणाल्या, "शेवटी तुम्हीच नीट केलंत, धनराजभाऊ. काय केलंत?" मी म्हणालो, "थोडं ॲडजस्ट केलं."

हे मी परवा म्हणालो, नजीर. हे सगळं माहीत असताना. सवय किती खोलवर गेली आहे ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

माफी मागतो. मला याहून चांगले शब्द येतात, पण ते वापरत नाही.

धनराज


३ फेब्रुवारी २०२५

नजीर,

तुझ्या घरून अनवरीभाभींचा तुझ्या वहिनीला फोन आला होता. तिने फोन मला दिला नाही, निरोप दिला. भाभी म्हणाल्या, "ते म्हणतात, पत्रात सगळं आहे, पण ते मी एकट्याने वाचलं. त्या दिवशी ऐकणारे पंचवीस होते."

 संध्याकाळी तुझ्या वहिनीने ताट वाढलं आणि म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांसाठी माइक मागितलात. आता स्वतःविरुद्ध मागा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर रोडला आशाताईंकडे गेलो. त्यांच्या पुढ्यात कन्सोल उलटा ठेवला, कडेचा खड्डा दाखवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, चोवीस नोव्हेंबरपासून त्या शुक्रवारच्या 'ॲडजस्ट'पर्यंत. त्या शाळेत गणित शिकवायच्या, तुला माहीत आहे. त्यांनी त्या खड्ड्याची लांबी-रुंदी बोटाने मोजली. मग म्हणाल्या, "तो कंटेनर थांबला नसता तर तुम्ही आज हे कोणाला सांगत असता?"  चहा त्यांनी दिला नाही आणि मी अपेक्षाही केली नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "त्या माणसाचं नाव यादीतून तुमच्या सांगण्यावरून गेलं. ते तुम्ही परत आणा. मग माझ्याशी बोला."

यादी म्हणजे मंडळाच्या पुस्तिकेतली. कोणत्या कामाला कोणता मिस्त्री, त्याची. गिअरबॉक्सच्या पानावर पंधरा वर्षं पहिलं नाव तुझं होतं. डिसेंबरमध्ये ते माझ्या एका वाक्यावर काढलं गेलं. त्या पानावर नाव नसलेल्या माणसाकडे नाशिकमध्ये कोणी जुनी गाडी नेत नाही, म्हणून तू ट्रक खोलतोयस. हे मला पहिल्या पत्राच्या वेळीही माहीत होतं. तिथे मी त्याचं खापर जगावर फोडलं होतं.

पुस्तिका येत्या मेळाव्यानंतर छापायला जाणार आहे. मेळावा रविवारी, नऊ तारखेला, गंगापूर रोडच्या मैदानावर. मंडळाचे चिटणीस नवनाथ यांना मी भेटलो आणि दहा मिनिटं मागितली. ते म्हणाले, "कशावर बोलणार? कामगारांवर असेल तर नको, लोक कुटुंब घेऊन येतात." मी म्हणालो, "एका भोकावर बोलणार." त्यांना विनोद वाटला. वेळ दिली.

काय बोलणार ते ठरलेलं आहे. लिहून काढलंय आणि तुझ्या वहिनीने त्यातली अर्धी वाक्यं खोडली आहेत. चोरी हा शब्द दोनदा येईल, जसा तेव्हा आला होता, आणि दोन्ही वेळा माझ्या नावापुढे. तू आलास किंवा नाही आलास तरी मी हे बोलणार. तुझ्या येण्यावर ते अवलंबून ठेवलं तर तो पुन्हा सौदा होईल.

पण एक गोष्ट मी एकटा करू शकत नाही, आणि त्यासाठी हे पत्र.

कन्सोल माझ्यासमोर टेबलावर आहे. मी ते भोक घासून मोठं केलं नाही. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते माझ्या हातचं आहे. पण मी ते केलं की काय होईल ते मला त्या शुक्रवारीच कळलं: सगळे म्हणतील, नजीरने बिघडवलं ते धनराजने दुरुस्त केलं. मी माइकवर काहीही बोललो तरी लोक घरी जाताना हातांनी काय केलं ते लक्षात ठेवतात. पहिल्या पत्रात मी 'आपल्या सगळ्यांच्या वतीने' लिहिलं होतं, ज्यांचं काम फोटोत येत नाही त्यांच्या. माझं काम तर फोटोत येतं. तुझं येत नाही. या वेळी फोटो तुझ्या हाताचा निघाला पाहिजे आणि शिसवीची कड तुझ्या हाताने गेली पाहिजे, मी बाजूला फर्मा धरून उभा असताना.

फट दिसेल. दिसू दे. कोणी विचारलं तर सांगेन, ही बॉक्सला हलायला सोडलेली जागा आहे, नजीरने सांगितलेली.

त्या रविवारनंतर रोजे सुरू व्हायला अजून तीन आठवडे असतील, म्हणजे मैदानावर चहा घेता येईल. फर्म्यावरचा खडू मी पुसलेला नाही. गाडी मैदानाच्या मधोमध उभी असेल, कन्सोल जागेवर, टोपी काढलेली, लिव्हर तिसऱ्यात.

रविवारी सकाळी सहाची मालेगाव-नाशिक गाडी पकड. पान्यांची पेटी आणू नकोस. फक्त तुझी अर्धगोल कानस घेऊन ये, आणि दोन सूत उघड.

धनराज